मायनं स्थळ पाहावं तसं पाहिलेलं औरंगाबाद

औरंगाबादला जायचं ठरलं ते माझ्या लग्नावरून.

चौसष्ट-पासष्टचा उन्हाळा असेल. मी मॅट्रिक पास झाले होते, आमच्या वस्तीतली पहिली मुलगी, आणि निकालाचे पेढे संपायच्या आत बाभुळगावहून स्थळ सांगून आलं. मुलगा कचेरीत कारकून, घरची थोडी जमीन, अंगणात स्वतःची विहीर. आमचं खेडं फुलसावंगीच्या अलीकडे, आडबाजूला. तिथल्या माणसाला बाभुळगाव म्हणजे यवतमाळचा शेजार, म्हणजे जवळजवळ राजधानीच. माय हरखून गेली. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि त्यांच्या डोक्यात मला औरंगाबादच्या कॉलेजात घालायचं कधीचं पक्कं बसलेलं होतं. झालं, घरात अबोला सुरू. बाबांचं जेवण माय माझ्या हाती पाठवायची आणि बाबा 'मीठ कमी हाय' हे माझ्यातर्फे परत पाठवायचे.

शेवटी मायनंच तोडगा काढला. ती म्हणाली, "बाभुळगाव म्या सोता जाऊन पाह्यलं. विहीर पाह्यली, सासू पाह्यली, चूल पाह्यली. तुमचं औरंगाबाद बी पाहीन. पसंत पडलं तं पोरगी तिथं ठेवीन. नाई तं बाभुळगाव, मंग तुमी मधात बोलाचं नाई."

बाबांनी लगेच मान डोलावली. त्यांना वाटलं, एवढं ऐतिहासिक शहर, दरवाजे, मकबरा, लेणी, बघून ही बाई चाट पडणार आणि काम फत्ते. पण माय चाट पडणाऱ्यातली नव्हती हे मला बाबांपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

या ब्लॉगवर मी हंपी लिहिलं, सिक्कीम लिहिलं, गुडघे बदलून घेतल्यावर अंदमानही लिहिलं. पण पहिला प्रवास राहूनच गेला होता. शहराचं नाव आता बदललंय, तिकिटावर नवंच छापून येतं. मी गेले होते ते औरंगाबादला, म्हणून इथे तेच लिहिते आहे. खर्च किती आला असं विचाराल, तर मला माहीत नाही. पैसे बाबांच्या बंडीच्या आतल्या खिशात होते आणि त्या खिशावर मायची नजर होती.

निघायच्या आदल्या दिवशी मायनं ज्वारीच्या दशम्या केल्या, जवसाची चटणी, लसणाचा ठेचा, गूळ-शेंगदाणे. फिरकीच्या तांब्यात पाणी. मी म्हटलं, तिथे खायला मिळतं म्हणे. तर म्हणाली, मिळत असेल, पण स्थळ पाहायला जाताना आपलं आपण न्यावं, म्हणजे मिंधेपणा येत नाही. सोबत धाकटी सुजाता होतीच. ती आमच्या धम्मदीक्षेनंतर जन्मलेली, म्हणून तिच्या वाट्याला नवं कोरं नाव आलं. मी आधीची, त्यामुळे शेवंता. सुजाताला या सगळ्या भानगडीतलं काही कळत नव्हतं; आगगाडीत बसायचं एवढ्यावरच तिनं नवा फ्रॉक पहाटेपासून अंगात चढवून ठेवला होता.

महागावपर्यंत बैलगाडी. तिथून नांदेडची एसटी. आज तो रस्ता चौपदरी आहे आणि तुम्ही गाणी ऐकत जाल; तेव्हा पुढच्या बसची धूळ आपण खायची आणि आपली मागच्या बैलगाडीला द्यायची, असा हिशेब होता. उमरखेडच्या पुढे पैनगंगा लागली तेव्हा बाबा सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की आता नदीपलीकडे जुना निजामाचा मुलूख. मायनं खिडकीतून पाहिलं. अलीकडे काळी जमीन होती, पलीकडेही काळीच जमीन होती. ती म्हणाली, कापसाची पऱ्हाटी तर सारखीच लागत असेल. हदगावला सुजातानं नव्या फ्रॉकवर ओकारी केली. ज्यांना घाटाशिवायही बस लागते त्यांनी खिशात लिंबू ठेवावं, हा माझा सल्ला तेव्हापासूनचा आहे.

नांदेडहून संध्याकाळची गाडी मिळाली. लहान रुळांची, खेळण्यासारखी, पण आम्हा चौघांपैकी तिघींचा आगगाडीत बसायचा पहिलाच प्रसंग, त्यामुळे आम्हाला ती चांगली ऐसपैस वाटली. सुजाता इंजिनाच्या शिट्टीबरोबर शिट्टी द्यायला बघत होती आणि समोरच्या बाकावरचे एक म्हातारे गृहस्थ तिला ते शिकवत होते. त्यांनी मायला विचारलं, कुठे निघालात? माय सरळ म्हणाली, पोरीसाठी स्थळ पाहाले. म्हाताऱ्यानं मुलगा काय करतो म्हणून विचारलं, तेव्हा बाबांनी डोक्यावर टॉवेल ओढून घेतला.

उजाडता उजाडता औरंगाबाद आलं. स्टेशनवर बाबांचे मामेभाऊ दौलतकाका आले होते. ते छावणीजवळ राहत, एका छापखान्यात काम करत. त्यांनी टांगा ठरवला होता. टांगा एका मोठ्या दरवाज्याखालून गेला, मग आणखी एका. काकांनी कौतुकानं सांगितलं की या शहराला बावन्न दरवाजे आहेत. मायनं मान वर करून त्या कमानीकडे पाहिलं आणि विचारलं, "बावन्न? मंग राती कड्या कोन लावते?"

काका हसले. माय हसली नाही. तिचं काम सुरू झालं होतं.

पहिल्या दिवशी दुपारून पाणचक्की. तुम्ही जाणार असाल तर शक्यतो उन्हाच्या वेळेलाच जा, थंडाव्याची किंमत कळते. दर्ग्याचं आवार, मोठं वडाचं झाड, भलाथोरला हौद, आणि उंच भिंतीवरून पडद्यासारखं कोसळणारं पाणी. दूरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी जमिनीखालून ते पाणी इथवर आणलं आहे, आणि तेही कधीच्या काळी, हे काकांनी सांगितलं तेव्हा बाबांनी खिशातून चष्मा काढून पुसला. इतिहास लागला की ते चष्मा पुसत.

मायला इतिहासाशी देणंघेणं नव्हतं. तिनं आधी पाण्यात हात घातला, वास घेतला, मग मला विचारलं की हे पाणी उन्हाळ्यात आटत असेल का. आटत नाही म्हटल्यावर तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. मग आम्ही आत गेलो. तिथे पाण्याच्या जोरावर एक जातं फिरत होतं. आपलं नेहमीचंच, दगडी, फक्त मोठं, आणि त्याला धरायला कुणी बाई नव्हती. माय दारातच थांबली. ती रोज कोंबडा आरवायच्या आधी जात्यावर बसायची. आम्ही दोघी बहिणी तिच्या जात्याच्या घरघरीत झोपेतून उठलो आणि वाढलो. आता ते जातं एकटंच गरगरत होतं आणि ती त्याच्यासमोर ऐसपैस मांडी घालून बसली. बाबा म्हणाले चल, ती म्हणाली थांबा. सुजाता म्हणाली चल, ती म्हणाली थांब वो. बऱ्याच वेळानं उठली आणि पदर झटकत म्हणाली, "फिरू दे त्याले. मले कोनी उठ तं नाई म्हनलं."

परतताना बाबांनी मला हळूच कोपरखळी मारली. त्यांच्या मते अर्धी लढाई जिंकली होती. मला तसं वाटत नव्हतं, कारण तिनं काकांना लगेच विचारलं होतं की ही चक्की गावातल्या सगळ्या बायांचं दळण दळून देते का. काका म्हणाले, नाही, आता फक्त बघायला ठेवली आहे. "मंग काय उपेग," माय म्हणाली, आणि खातं पुन्हा कोरं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेणी. मकबऱ्याच्या मागे डोंगरात ती कोरलेली आहेत. वेरूळ-अजिंठ्याच्या गर्दीपुढे या लेण्यांकडे कुणी फारसं फिरकत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगते, जा. चढण आहे, पण सुजाता धावत चढली. वर वाऱ्याचा सुखद झोत आणि खाली सगळं शहर, घुमट, मिनार, झाडी. आणि आत गाभाऱ्यात बुद्ध.

धम्मदीक्षेला सात-आठ वर्षं झाली होती. आमच्या घरी भिंतीवर कॅलेंडरातून कापलेला बुद्ध होता, चौकटीत बसवलेला, आणि आम्हाला तेवढाच ठाऊक. इथे तो दगडातून निघून पाय खाली सोडून बसलेला, आमच्या घराच्या आढ्याहून उंच. बाबा त्याच्याकडे बघत उभे राहिले. मायचं लक्ष मात्र दुसरीकडे गेलं. एका लेण्यात बुद्धासमोर माणसं कोरली आहेत, बाया नि पुरुष, माणसाएवढी, गुडघे टेकून हात जोडून बसलेली. अंबाडे, गळ्यातले हार, सगळं जसंच्या तसं. माय त्यांच्या रांगेत जाऊन बसली. तिनं शेजारच्या दगडी बाईकडे बघून आपला पदर सारखा केला. मग सुजाता बसली, मग मी. बाबांनी त्रिसरण म्हणायला सुरुवात केली, आणि त्या अंधाऱ्या खोलीनं प्रत्येक शब्द आम्हाला परत दिला. सुजाताला वाटलं दगडाची माणसंच म्हणत आहेत. तिनं तसं विचारलं, आणि बाबा तिला म्हणाले, "व्हय. आपन नवे नाई इथं. आपले लोक लय पह्यलेपासून बसून हायेत." मला इतका आनंद झाला होता की रडूच आलं.

बाहेर पायरीवर बसून दशम्या खाल्ल्या. माय खुशीत होती, पण स्थळाबद्दल चकार शब्द नाही. मी आडून विचारलं, तर म्हणाली, "देव चांगला हाय म्हून कोनी पोरगी देत नाई. घर पाहा लागते."

डोंगर उतरून बीबीका मकबरा. बाबांनी रांगेत उभं करून आम्हाला माहिती सांगितली: एका राजपुत्रानं आपल्या आईसाठी बांधला, ताजमहालाची नक्कल, संगमरवर इतका, चुना तितका. खरं सांगते, लोक त्याला गरिबांचा ताजमहाल म्हणून नाकं मुरडतात ते मला कधीच पटलं नाही. उन्हात तो पांढराशुभ्र उभा होता आणि समोरच्या लांबच लांब हौदात उलटा. मायनं सगळं ऐकून घेतलं.

"आईसाठी?"

"हो ना," बाबा म्हणाले.

"मेल्यावर?"

"मेल्यावरच बांधतेत ना कबर."

"जितेपनी काय देल्लं होतं तिले?" मायनं विचारलं. बाबांनी चष्मा पुसला. मग ती एवढ्या मोठ्या फरशीकडे बघत म्हणाली की हे सगळं झाडतं कोण, आणि झाडणारणीला दुपारचं जेवायला सोडतात का.

आता त्या दुपारची खरी गोष्ट.

मकबऱ्यावरून परत येताना मकई दरवाज्याच्या अलीकडे एक चहाचं दुकान होतं. चालून घसा कोरडा, फिरकीचा तांब्या रिकामा. दौलतकाकांनी चहा सांगितला. आम्ही बाकावर बसलो, माय बाकाच्या टोकाला, अर्धी हवेत. दुकानदार पांढऱ्या दाढीचा, जाळीची टोपी घातलेला मुसलमान. त्यानं स्वतः आणून प्रत्येकाच्या हातात कपबशी दिली. चहा चांगला दाट होता. माय बशीत ओतून प्याली.

इथे थांबून सांगावं लागेल. आमच्या भागातल्या खेड्यांत तेव्हा आम्हा लोकांचे कप वेगळे असत. दुकानाच्या बाहेर, वळचणीला खिळ्यांवर टांगलेले. आपला आपण काढायचा, दुकानदार वरून चहा ओतणार, पिऊन झालं की धुवायचा आणि पुन्हा खिळ्याला लावायचा. आम्ही धर्म बदलला होता, खिळे जिथल्या तिथे होते.

तर चहा पिऊन बाबा आणि काका बोलत बसले, आणि मायनं आमच्या सगळ्यांचे कप गोळा केले. दुकानाच्या कडेला पाण्याचा पिंप होता, तिथे बसून तिनं ते राखेनं घासले, विसळले, बशा विसळल्या. मग उभी राहिली. हातातल्या कपांतून पाणी गळतंय आणि ती दुकानाच्या भिंतीवर इकडून तिकडे बघते आहे. भिंतीवर एक आरसा होता, एक कॅलेंडर होतं. ती वळचणीखाली गेली, तिथे बघितलं, परत आली. मला एकदम कळलं ती काय शोधते आहे. बाबांनाही कळलं. ते अर्धे उठले आणि तसेच राहिले.

दुकानदारानं विचारलं, "अम्मा, क्या ढूँढ रहे आप?"

"खिळा कुठी हाय भाऊ?" माय म्हणाली. "कप लटकवाले."

त्याला काही अर्थबोध झाला नाही. तो गडबडीनं पुढे आला आणि तिच्या हातातले कप काढून घेत म्हणाला, "अरे, मेहमान होके कप धोते? हमारा आदमी है ना." आणि त्यानं आमचे कप मोठ्या परातीत, बाकी सगळ्या कपांच्या ढिगाऱ्यात टाकून दिले. खणखण आवाज झाला. तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं आली, एक धोतरवाले आणि एक कोटवाले, आणि दुकानदारानं त्याच परातीतून दोन कप उचलले, चहा भरला, दिले. ते प्याले.

काकांनी टांगा केला. तो निघाला तरी माय मागे वळून बघत होती. काका बिचारे काही विषय काढायला बघत होते आणि बाबा रस्त्याकडे तोंड करून बसले होते. मग माय हसायला लागली. आधी पदराच्या आत, मग उघड, मग इतकी की तिला टांग्याचा दांडा धरावा लागला. डोळ्यांतून पाणी. सुजाताही हसायला लागली, काही न कळता. मायला बोलायला श्वास मिळाला तेव्हा ती बाबांना म्हणाली, "आता आपला कोनता होता, हे त्याच्या बापाले बी सापडाचं नाई!"

मग बाबाही हसले. टांगेवाला मागे वळून पाहायला लागला. कुठल्याशा मोठ्या दरवाज्याखालून आमचा टांगा हसत गेला, त्याचं नाव कुणी विचारलंच नाही.

आणि तिला भूक लागली. दशम्या शिल्लक असताना ती स्वतःहून म्हणाली की इथलं काही असेल तर खाऊ घाला. काकांनी आम्हाला शहागंजात नेऊन नान-खलिया दिला. औरंगाबादला जाऊन तो न खाता परत येणाऱ्या माणसाला मी प्रवासी मानत नाही: हळदीच्या रंगाची, तव्यापेक्षा मोठी नान आणि मटणाचा दाट रस्सा. मायनं पहिल्या घासाला तिखट नाही म्हणून नाक मुरडलं, पिशवीतून आपला ठेचा काढून त्यात कालवला आणि मग बोटं चाटूनपुसून खाल्लं. जेवण झाल्यावर तिनं ताटली एका बोटानं पुढे सरकवली आणि ऐटीत बसून राहिली. माणूस येऊन ताटल्या उचलून नेईपर्यंत ती जागची हलली नाही. तो गेल्यावर आम्हाला म्हणाली, चला.

मला वाटलं आता जिंकलो.

तिसऱ्या दिवशी नदीपलीकडे, कॉलेजकडे. उघडा माळ, दगडी इमारती, नुकती लावलेली झाडं, त्यांना पाणी घालणारी कॉलेजचीच पोरं. मुलींचं वसतिगृह म्हणजे तेव्हा एक बैठं घर होतं, ओळीनं खोल्या, मागे चूल आणि विहीर. सुट्टी संपत आलेली, चार-दोन मुली आधीच येऊन राहिलेल्या. वसतिगृहाच्या बाई पन्नाशीच्या, अंगानं किरकोळ, कडक इस्त्रीच्या पातळातल्या. बाबांनी त्यांना गुण सांगायला सुरुवात केली, पण मायनं त्यांना हातानं बाजूला केलं. स्थळ पाहणं हे बायकांचं काम.

तिनं विहिरीत वाकून पाहिलं. रहाटाचा दोर ओढून पाहिला. भाकरी कोण थापतं विचारलं, आणि थापणारीला बोलावून तिचे हात पाहिले. दाराला आतून कडी आहे का, बाहेरून कोण लावतं, पोरीला ताप आला तर उशाशी कोण बसतं, पाळी आली तर बाजूला बसवता काय. शेवटच्या प्रश्नावर मी जमिनीत जायच्या बेतात होते. बाईंनी मात्र एकेका प्रश्नाचं नीट उत्तर दिलं. ताप आला तर मी बसते म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "मुलीला काय काय येतं?"

त्यांना विषय विचारायचे होते. मायला वाटलं, आता सासरचा प्रश्न आला. तिनं छाती पुढे काढून सांगितलं की भाकरी येते, निंदण येतं, कापूस वेचायला बसली तर बरोबरीच्या बायांना ऐकत नाही, पुरणपोळी अजून फाटते पण शिकेल. बाई अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "पुरणपोळीचं बघून घेऊ." मी मध्ये घुसून गणितात किती गुण आहेत ते सांगून टाकलं.

मग बाई मला खोली दाखवायला घेऊन गेल्या. लोखंडी खाट, एक कपाट, भिंतीत दिवळी. मी त्या कपाटाचं दार तीनचारदा उघडून लावलं. माझं स्वतःचं असं दार मला आजवर कधी मिळालं नव्हतं. माय माझ्याबरोबर नव्हती. ती मागच्या कुठल्याशा खोलीच्या दारात रेंगाळली होती. बाई तिला बघायला परत गेल्या, आणि दोघी जरा वेळानं आल्या. निघताना मायनं बाईंना वाकून नमस्कार केला, आणि बाईंनी तिचे हात मध्येच धरले.

मी तिच्या तोंडाकडे बघत होते. काही नाही. बाबांनी विचारलं, तेव्हा म्हणाली की स्थळाचं उत्तर त्यांच्या दारातून देत नसतात, घरी जाऊन कळवतात.

परतीच्या प्रवासाचं मला जवळजवळ काहीच आठवत नाही, त्यामुळे वाचकांना देण्यासारखी माहितीही नाही. वेरूळ पाहायचं राहिलं म्हणून बाबा हळहळत होते. सुजाता दौलतकाकांच्या घरी काकूंनी दिलेली हिमरू कापडाची चिंधी बाहुलीला गुंडाळत होती. माय नांदेडपर्यंत बसल्या बसल्या झोपली. मी जागी. तिच्या चेहऱ्यावरून काही वाचता येतं का बघत मी अख्खा मराठवाडा पार केला.

घरी पोचलो आणि दुसऱ्याच दिवशी बाभुळगावचे मध्यस्थ उत्तर घ्यायला आले. बाबांनी त्यांना ओसरीवर बसवलं. मी आत चुलीशी, तव्यावर भाकरी. माय पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेली. मध्यस्थ म्हणाले, मग काय कळवू? बाबा काहीच बोलले नाहीत. कबूल केल्याप्रमाणे मधात बोलायचं नव्हतं.

माय म्हणाली, "तुमचं पोरगं लय चांगलं हाय भाऊ. त्याले थांबवून ठेवू नका. शेवंता शिकाले चालली. मी पाहून आली ना ते घर."

भाकरी जळाली. मायला बाहेर वास गेला, आणि तिथूनच तिनं मला एक शिवी हासडली. इतकी गोड शिवी मी पुन्हा ऐकली नाही.

मी औरंगाबादला राहिले, शिकले, मास्तरीण झाले, नोकरी करून यवतमाळला लोहाऱ्याच्या बाजूला घर बांधलं. तेवढं शहर मला नंतर कोपरान् कोपरा पाठ झालं, पण त्या तीन दिवसांतलं औरंगाबाद मला त्यानंतरच्या कुठल्याच वर्षात सापडलं नाही, कारण ते मी मायच्या मागे चालत पाहिलं होतं. त्या चहाच्या दुकानाची गोष्ट मी शेकडो मुलींना सांगितली. एका परातीतल्या कपांनी माझं शिक्षण झालं, असं मी वर्गात म्हणायची, आणि मला ते मनापासून खरं वाटायचं.

माय शेवटी माझ्याकडे राहायला आली. एकदा असंच भाजी निवडताना मी शेजारणीला ती गोष्ट रंगवून सांगत होते. शेजारीण गेल्यावर माय म्हणाली, कपांनी काय झालं? एक दुकानदार चांगला निघाला म्हणून कोणी पोरगी ठेवून येत असतं का?

मी म्हटलं, "मंग काहून ठेवलीस?"

ती मेथीची जुडी सोडत होती. म्हणाली, "त्या मागच्या खोलीत एक पोरगी निजून होती. भर दुपारी. छातीवर पुस्तक तसंच. मले वाटलं, आता बाई येते अन् उठवते, दोन शब्द आयकवते. बाई आली. पोरीच्या तोंडावर ऊन येऊन राह्यलं होतं, तं तिनं आवाज न करता खिडकी लोटली. अन् मले म्हने, राती वाचत बसली होती, निजू द्या. मी माह्या मायच्या घरी दिवसा निजली नाई, नवऱ्याच्या घरी निजली नाई. बाभुळगावले तुले कोन निजू देल्लं असतं?"